आटे पाडण्याआधी

मिठपाडा, डोंबिवली
५ डिसेंबर १९५४

सौ. बायजा हीस राघोचा आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या भावाची नात प्रमोदिनी वाचून दाखवेल. पोरी, सावकाश वाच. आजीने तोंड भिंतीकडे फिरवलं तरी थांबू नकोस, तिचे कान इकडेच असतात.

आधीची दोन कार्डं पोचली की नाही, काही कळलं नाही. कार्ड तुमचा पोस्टमन वाचतो अशी मला शंका आहे, म्हणून ह्या वेळी पाकीट घेतलं. पाकिटाचा डिंक नीट चिकटत नव्हता, त्यावर भात लावला आहे. उघडताना कागद फाटला तर तो भाताचा दोष.

इकडे सगळं ठीक. तुझी लाल कोंबडी खुडूक बसली आहे. मिठागराचे बांध दसऱ्यानंतर लिंपले, पण ह्या वर्षी मला वाकवत नाही, मी नुसता उभा राहून पोरांच्या चुका काढतो. माझी तब्येत बरी आहे. रात्री खोकला येतो, पण तो मागच्या सालीही येत होता.

आता मुद्द्याचं. श्रावणात तू उघाडीवरच्या, म्हणजे खाडीचं पाणी घ्यायला बांधात ठेवलेल्या तोंडावरच्या, फळीवरून घसरलीस. कल्याणच्या इस्पितळात कमरेचं हाड जुळलं, पाय मात्र आखडला तो आखडलाच. भिवाने तुला आंबिवलीला आपल्या घरी नेलं, त्याचं घर स्टेशनाला लागून आहे. बहिणीसाठी भावाने एवढं करावंच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण झोळीत घालून चौघांनी तुला बांधावरून उचललं तेव्हा तू जे बोललीस ते साऱ्या पाड्याने ऐकलं. "चौघांच्या खांद्यावरून गेले ती गेले. परत यायचं झालं त माझी मी येईन, नायतर येनार नाय." मला वाटलं, दुखण्यात माणूस बोलतो. पण दिवाळीला मी करंज्या घेऊन आलो तेव्हाही तू पाठच दाखवलीस. भिवाच्या ओट्यावर बसून मी दोन करंज्या खाल्ल्या आणि गाडी धरली.

रंगूबाई रोज कुंपणावरून विचारते, "काय रे राघो, आनली नाय का बायको?" मी सांगतो, तिकडची हवा मानवली आहे तिला.

तर मी एक गोष्ट केली आहे. कल्याण स्टेशनाबाहेर एक माणूस पाहिला, त्याचे दोन्ही पाय लुळे. तीन चाकांच्या सायकलीत बसलेला, समोर छातीपाशी पायडलं होती, ती हातांनी फिरवत होता आणि गाडी पुढे जात होती. कोणाचा हात लागत नव्हता. मी त्याच्या मागे बाजारापर्यंत चालत गेलो. तो वैतागून म्हणाला, "काय पाहिजे, बाबा?" मी विचारलं, ही कोणी केली? त्याने तानाजी मिस्त्रीचं दुकान दाखवलं.

तशी एक गाडी मी तुझ्यासाठी करायला टाकली आहे. तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून आधी टाकली आणि मग लिहितो आहे. बांधावरून तू तुझी येऊ शकशील. मग तर येशील ना?

कळव. प्रमोदिनीकडून दोन ओळी पुरेत.

राघो


२६ डिसेंबर १९५४

सौ. बायजा हीस,

उत्तर नाही. तू ऐकलंस एवढं मात्र समजलं, कारण भिवा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "भाऊजी, तिनं ऐकलं, मंग म्हनाली, आता तांदूळ निवडू द्या." म्हणजे राग फार नसावा. की असावा? तांदूळ निवडताना तू रागातच असतेस.

मी तानाजीकडे तीनदा जाऊन आलो. माणूस साताऱ्याकडचा आहे, तोंडात तंबाखू, कामाला मंद, बोलण्याला नाही. मागची दोन चाकं बसली, बसायची पाटीही झाली, वेताने विणली आहे. बांध उघाडीपाशी किती अरुंद ते मी दोरीने मोजून दिलं, त्याप्रमाणे गाडी आवळून घेतली. आता सगळं पुढच्या चाकावर अडलं आहे.

ते असं. सायकलीचं पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा. चिमट्याच्या वर एक लोखंडी नळी असते, ती सायकलीच्या गळ्यातून वर जाते आणि तिला हँडल लागतं. साध्या सायकलीत ती वीतभर असते. आपल्या गाडीत ती लांब हवी, कारण हाताची पायडलं तिच्या डोक्यावर बसणार. नळीच्या वरच्या टोकाला आटे पाडायचे, त्यावर चकती आणि नट आवळायचा, म्हणजे सगळं घट्ट बसतं. आणि नळी केवढी कापायची हे आटे पाडण्याआधी ठरवावं लागतं. मागून कापली तर आटे जातात. आखूड झाली तर जोड द्यावा लागतो, आणि जोडावर भार आला की तो कधी मोडेल ह्याचा नेम नाही.

मी म्हटलं, "मग अंदाजाने थोडी लांब ठेव."

तानाजी म्हणाला, "आवं म्हातारबा, लांब ठिवली तर आजीबाय काखा वर करून फिरवणार का? चार पावलांत खांदं भरून येतील. आन् आखूड केली तर पायडल मांडीला घासतंय. ज्याची गाडी त्याच्या कोपराचं माप आना."

तुझ्या कोपराचं माप मला ठाऊक नाही. एवढी वर्षं संसार केला, पण बसल्यावर तुझं कोपर जमिनीपासून किती वर येतं, हे कोणी विचारलं तर सांगता येत नाही. माझं मी मोजलं. शेजारच्या शकूच्या मुलीला बसवून तिचंही मोजलं, ती हसत पळाली.

माप पाठव. कसं घ्यायचं ते प्रमोदिनीला समजेल, शिकलेली आहे.

राघो


१५ जानेवारी १९५५

सौ. बायजा हीस,

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. खडे लागले तर गूळ आंबिवलीचा नाही, डोंबिवलीचा आहे असं समज.

उत्तराची वाट बघितली. पोस्टमन आला की मी उठतो, मग तो पुढे जातो. शेवटी मीच तोड काढली, आणि तुला सांगायला बरं वाटतं आहे.

तानाजी पायडल कसं फिरवायचं ते हाताने दाखवत होता. म्हणाला, "दोन्ही हातांनी जातं वडावं ना, तसंच, फकस्त उभं." त्याने जातं म्हटलं आणि मला घरातलं जातं आठवलं. तू चाळीस वर्षं त्या जात्यावर बसलीस. जात्याचा खुंटा म्हणजे तुझ्या हाताची जागा. त्यापेक्षा बरोबर माप जगात कुठे मिळणार?

घरी आलो. ओसरीच्या कोपऱ्यात जातं आहे तसंच आहे, गिरणी झाल्यापासून त्याला कोणी हात लावला नाही. बांबूची कामटी जमिनीला उभी टेकवली आणि खुंट्याच्या माथ्याशी खूण केली. खूण बरोबर आली की नाही म्हणून पुन्हा केली. मग दुसरी कामटी घेतली, कारण पहिली ओली वाटली. रंगूबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "जात्याला सदरा शिवतोस काय रे?" मी खूण आणखी ठळक केली.

ती कामटी कालच तानाजीला दिली. तो म्हणाला, पुढच्या बुधवारी नळी कापतो आणि आटे पाडतो.

आता तू माप पाठवलं नाहीस तरी चालेल. काम अडलं नाही एवढंच सांगायचं होतं.

राघो


२१ जानेवारी १९५५, शुक्रवार

सौ. बायजा हीस,

तुझं पत्र मंगळवारी संध्याकाळी आलं. प्रमोदिनीने तू बोललीस तसंच उतरवलं आहे, एक अक्षरही सुधारलेलं दिसत नाही. मी ते कंदिलाशी धरून वाचलं, परत वाचलं. तू लिहिलंस ते पुन्हा इथे उतरवतो. मला नीट समजलं की नाही ते तूच बघ.

"खुंट्याचं माप घेऊ नका. ते जातं तुमच्या आयचं. सासू माझ्याहून हातभर उंच. खुंटा तिच्या हाताला घातलेला. मी लग्न होऊन आले तवा माझं हात खांद्याच्या वर जायाचं. पयल्या वर्साला रातभर खांदं ठनकायचं. मंग मी गोनपाटाची घडी खाली घालून बसाया लागले. तुमी रोज समोरून जायाचे. आता गाडी बी सासूच्या मापाची करताव काय?"

पत्र खाली ठेवून मी ओसरीवर गेलो. जात्याच्या मागे, भिंतीच्या सांदीत, गोणपाट होतं. घडी तशीच होती, चौघडी. मधोमध दबलेली आणि एका बाजूला जास्त. उलगडायला गेलो तर घडीच्या रेघेवर फाटलं. मी ते परत तसंच ठेवलं.

बायजा, मी ते गोणपाट पाहिलेलं आहे. पाहिलं नव्हतं असं म्हणू शकत नाही. मला वाटायचं, जमीन गार लागते म्हणून घेतेस.

आणि खुंटा लाकडाचा. सुतार बोलवायचीही गरज नव्हती.

बुधवारी पहाटेच निघालो. डोंबिवलीहून कल्याण काही लांब नाही, पण गाडी मध्येच थांबली तेव्हा मला वाटलं आता ही इथेच राहणार आणि तिकडे तानाजी नळी कापणार. दुकानात शिरलो तर नळी पकडीत आवळलेली, कामटी शेजारी ठेवलेली, खुणेवर खडूची रेघ मारलेली. मी ओरडलोच, "थांब रे!"

तानाजी दुकानाच्या फळीवर बसून चहा पीत होता. म्हणाला, "कोन काय करतंय? आटं पाडायचं हत्यार शेजारच्यानं नेलंय, अजून दिलं न्हाई. कवाधरनं बसलोय."

त्याचा आळस मला एवढा कधी आवडला नव्हता. मी सांगितलं, हे माप चुकलं. तो म्हणाला, "तुमीच तर म्हनला, जगात ह्याच्याहून बरोबर न्हाई." मी म्हटलं, ते दुसऱ्याच बाईचं होतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "ह्या वयात, म्हातारबा?" मग मलाही हसू आलं.

कामटी मोडून त्याच्या शेगडीत टाकली.

आता माप तूच पाठवायचं. खुर्चीवर नको, पाटावर बसून. कोपर जिथे आपोआप ठरेल, खांदे वर न करता, तिथपर्यंत. दोऱ्याने घे. दोरा जुना घेऊ नको, ताणतो. घाई नाही. घाई आहे, पण तू करू नकोस.

राघो


९ फेब्रुवारी १९५५

सौ. बायजा हीस,

दोरा मिळाला. जाड कागदावर गुंडाळलेला, दोन्ही टोकांना गाठ. प्रमोदिनीने वर लिहिलं आहे, "आजी स्वतः बसली, मी फक्त दोरा धरला."

एक विचारायचं राहिलं आणि त्यापायी दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माप घेताना तुझ्याखाली काही होतं का? चादर, सतरंजी, गोणपाट, काहीही? तुला खाली काहीतरी घ्यायची सवय आहे. घेतलं असेल तर माप तेवढं जास्त भरणार. खरं सांग. हसू नकोस.


१८ फेब्रुवारी १९५५

सौ. बायजा हीस,

"काय नव्हतं. उघडा पाट." एवढंच आलं. पुरे आहे.

आज दोरा घेऊन गेलो. दोऱ्याचं माप त्या खुंट्याहून चार बोटं खाली आलं. चार बोटं म्हणजे काय, ते मी हाताची बोटं आडवी धरून बघत बसलो होतो. तानाजी म्हणाला, "म्हातारबा, एक बोट वर सोडतो. खाली दोन वायसर घालू. उद्या आजीबायला उंच वाटलं तर वायसर काढायचं, बरूबर वाटलं तर ऱ्हाऊ द्यायचं. शानी मान्सं असंच करत्यात."

मी तसाच माणूस आहे हे तुला ठाऊक आहे. छत्री घेतल्याशिवाय मी चैत्रातही बाहेर पडत नाही. एक बोट जास्त म्हणजे मला झोप लागली असती.

पण मी म्हटलं, "दोरा आहे तेवढीच काप."

"आन् दोरा चुकला असंल तर?"

"तिने बसून दिला आहे. चुकला नाही."

त्याने नळी पकडीत धरली, दोरा ताणून वर रेघ मारली, करवत लावली. मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. लोखंड कापल्याचा आवाज दातांत जातो. मग आवाज थांबला आणि तानाजीने कापलेला तुकडा माझ्या हातात दिला, अजून गरम होता. घरी आणला आहे. दोरा खिशात ठेवला आहे.

आटे दुपारी पाडले. नट आवळून त्याने पायडलं फिरवून दाखवली. मी बसून बघितलं, माझी कोपरं पार वर आली. मला अजिबात बसत नाही. तुझीच आहे.

रंग कोणता हवा? तानाजीकडे हिरवा आणि काळा आहे. मला काळा बरा वाटतो, मळत नाही. पण तू सांग.

राघो


१३ मार्च १९५५

सौ. बायजा हीस,

होळी झाली. हिरवा रंग सुकला. गाडी उद्या मालाच्या डब्यातून आंबिवलीला येते, तानाजीचा माणूस सोबत असेल. भिवाच्या अंगणात आधी फिरवून बघ. वळताना हळू वळ, पुढचं चाक एकदम फिरतं. ओढ्याकडे नेऊ नको. ब्रेक उजव्या हाताला आहे, तो आधी तपास.

इकडे मी उघाडीवरची फळी काढून रुंद फळ्या टाकल्या, दोन्ही बाजूंना मातीही दाबली. पाड्यातले लोक म्हणतात, राघोला येड लागलं. आंबिवलीतच राहून फिरलीस तरी गाडी तुझीच आहे. टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं तुझ्या मनात होतं, तो रस्ता सरळ आहे. एवढंच लिहायचं होतं. ये असं मी ह्या पत्रात लिहिलेलं नाही, प्रमोदिनी, तूही वाचताना घालू नकोस.

राघो


मिठपाडा, डोंबिवली
३ एप्रिल १९५५

चि. प्रमोदिनी हिला अनेक आशीर्वाद.

ह्या वेळी पत्र तुलाच. वाचून दाखवायला तुझ्याजवळ आता कोणी नाही, आणि मलाही इथे कोणाला लिहायचं कारण उरलं नाही. पण लिहायची सवय लागली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा आजा भिवा आजीला आणि गाडीला घेऊन डोंबिवलीत उतरला. तू विचारलं होतंस, बांधावर काय झालं ते सविस्तर कळवा, म्हणून कळवतो.

स्टेशनापासून रस्ता बरा होता. बांधाला लागल्यावर भिवा एका बाजूला आणि मी मागे. आजी म्हणाली, "मागं कोन हाय? हात काढा." मी हात काढला. गाडीला लावलाही नव्हता, नुसता जवळ नेला होता. पाड्यातली सगळी माणसं कुंपणाशी. श्रावणात ज्यांनी झोळी उचलली होती ते चौघेही त्यांच्यात होते. उघाडीपाशी ती थांबली. जिथून पडली ती जागा तिने बघितली. मला वाटलं, आता वळेल. मग तिने पायडलं फिरवली आणि फळ्यांवरून गेली, फळ्या वाजल्या, आणि पलीकडे मातीवर चाक लागलं.

मी मागून येत होतो म्हणून मला तिची पाठ दिसत होती. तिचे खांदे खाली होते. दोन्ही सारखे. ती मान न उचलता, जात्यावर बसल्यासारखी, पण सैल, हात फिरवत होती. रंगूबाईने मोठ्याने विचारलं, "आली का गं, बायजा?" आजी म्हणाली, "मी आले. ह्यानी आनली नाय."

आता दुसरी गोष्ट, ती तू कोणाला सांगू नकोस.

ती येण्याच्या आदल्या दिवशी मी जात्याचा खुंटा कापला. गिरणी आहे, आता कोणी दळत नाही, तरी तो उंच खुंटा तिच्या डोळ्यांसमोर नको असं वाटलं. करवत घेतली आणि कापला.

आल्यावर तिने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला खाली बसवा. आखडलेला पाय तसाही लांबच पसरावा लागतो, म्हणून जात्यापाशी बसता येतं. गोणपाट मी पुढे केलं, तिने बाजूला सारलं. मापभर तांदूळ घेतले आणि दळायला लागली. मी समोर बसलो. मापभर संपलं. पीठ गोळा केलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "ठेंगना झाला."

मी विचारलं, "किती?"

"दोन बोटं."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोरा कुठं हाय?"

दोरा माझ्या खिशात होता. कल्याणला कापलेल्या नळीचा तुकडाही फडताळात होता. मी म्हटलं, "तो लावला नाही. जात्याला कशाला दोरा, घरातलंच तर आहे."

त्यावर ती खूप हसली. हसताना कमरेत कळ आली तरी हसत होती. म्हणाली, "लोखंड दोऱ्यानं कापलं, आन् लाकूड डोळ्यानं! नवा करा. पन आता इचारून कापा."

सध्या ती घरात नाही. गाडी घेऊन पाड्याच्या त्या टोकाला गेली आहे, एकटीच, मी ओट्यावरून बांधाकडे बघतो आहे. चाकात हवा कमी होती, मी सांगितलं होतं. ऊन उतरायला लागलं, अजून दिसत नाही.

बाभळीचा नवा खुंटा तासून ठेवला आहे. करवत शेजारी आहे. ती आल्याशिवाय कापणार नाही.

तुझा,
राघोआजा